बॅटरीचा उपास

माझी भाची कॅनडात असते. गेल्या वर्षी तिने विजेवर चालणारी मोटार घेतली आणि थंडी पडल्यापासून फोनवर तिचं एकच रडगाणं चालू आहे. कंपनी सांगते त्याच्या निम्म्या अंतरातच गाडी आटपते. हीटर लावला तर गाडी पोचत नाही, आणि नाही लावला तर ही पोचेपर्यंत गोठते. "मामा, नोबडी टोल्ड अस!" असं ती मोठ्या तोऱ्यात म्हणते. मी मनात म्हणतो: सांगणारे होते, बाई. तुझ्याच घरात होते, पण ऐकणारा कुणी नव्हता.

थंडीत बॅटरीची काय दैना होते हे मी बर्फाच्या देशात नाही, शारजात शिकलो. हे ऐकून लोक हसतात. आखातात राहिलेल्या माणसाने उन्हाच्या आणि घामाच्या गोष्टी सांगाव्यात, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पण मी जिथे पाच-सहा वर्षं काढली ते इंडस्ट्रियल एरियातलं पत्र्याचं कोल्ड स्टोअर बाहेरून भट्टी होतं आणि आतून उणे बावीस. ऐन ऑगस्टमध्ये दोन स्वेटर, वर रजईसारखं जाकीट, कानटोपी आणि हातमोजे घालून आम्ही बाहेर आलो की रस्त्यावरचे टॅक्सीवाले आमच्याकडे वेड्याकडे बघावं तसे बघत. मिशीवरचं हिव दाराशी येईपर्यंत वितळून तोंडात जाई. त्या जागेचा मला पहिल्या दिवसापासून तिटकारा होता आणि तो मी कुणापासून लपवला नाही, एक दाजी सोडून.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान आणि त्या कोल्ड स्टोअरचे मालक. गाव आमचं दोघांचंही सांगलीकडचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन घरी माश्या मारत बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. व्हिसा दाजींचा, नोकरी दाजींची, झोपायची खाटही शारजातल्या रोल्ला भागातल्या दाजींच्याच फ्लॅटमधली. उपकारांचं ओझं असं की मान वर करायची सोय नव्हती. त्यात ते घरचे जावई. आमच्याकडे जावयाला उलट बोलत नाहीत, मग तो भर उन्हात पाऊस पडतोय म्हणाला तरी छत्री उघडायची. मालकाला निदान पाठीमागे शिव्या घालता येतात. मालकच बहिणीचा नवरा निघाला तर तेही जमत नाही, कारण पाठीमागे बहीण उभी असते.

दाजी वाईट नव्हते, असं आमची आई शेवटपर्यंत म्हणायची. आईला कोल्ड स्टोअर बघायचा योग आला नाही. मला विचाराल तर दाजींना एकच रोग होता: त्यांना सगळं कळायचं. कोंबडीतलं, कायद्यातलं, कंप्रेसरमधलं, देवाधर्मातलं. ज्याला सगळं कळतं त्याला काही सांगता येत नाही, आणि त्याच्या हाताखाली काम करणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आमच्याकडे माल उचलायला एक जुना डिझेलचा फोर्कलिफ्ट होता. तो आत नेला की धूर कोंडायचा आणि गोठवलेल्या वाटाण्याच्या खोक्यांनाही डिझेलचा वास लागायचा. एका हॉटेलने माल परत पाठवला तेव्हा दाजी जागे झाले. ते एका जुन्या यंत्रांच्या यार्डात गेले आणि बॅटरीवर चालणारा फोर्कलिफ्ट घेऊन आले. पिवळा, चकचकीत, बसायला गादी, आणि सीटखाली लोखंडी पेटीत माणसाच्या कमरेएवढी बॅटरी. आधी तो तांदूळ-चहाच्या कोरड्या गोदामात चालत होता.

"धूर नाही, आवाज नाही, वास नाही," दाजी बॉनेटवर थाप मारून म्हणाले. "इलेक्ट्रिक आहे, पाहुणं! जगात आता हेच येणार. तुम्ही डिप्लोमावाले, तुम्हाला तर कळायला पाहिजे."

मी म्हटलं, "दाजी, कोरड्या गोदामातलं मशीन आहे. आत थंडीत किती चालेल, विचारलंत का त्यांना?"

"बॅटरी ती बॅटरी. तिला काय सर्दी होते?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण जावयाच्या विनोदाला हसायचं असतं.

अंगणात, उन्हात, ते यंत्र खरोखर घोड्यासारखं पळालं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाललं आणि बॅटरीचा काटा निम्म्यावरही आला नाही. दाजींनी स्वतः चालवलं, लहानग्या लेकीला, म्हणजे माझ्या त्या भाचीला, मांडीवर घेऊन एक चक्कर मारली. दुसऱ्या दिवशी ते आत नेलं. चहाच्या सुट्टीला काटा अर्ध्यावर होता आणि जेवणाच्या आधी तांबड्यात. ते चालवायला एक मलयाळी ड्रायव्हर होता, त्याचं हिंदी आणि माझं हिंदी एकाच शाळेत नापास झालेलं. तो खाली उतरून म्हणाला, "भाई, ये गाडी बाहर में शेर, अंदर में बकरी. खलास."

पुढचे काही महिने त्या बकरीने आमच्या नाकी नऊ आणले. थंडीत बॅटरीची ताकद जाते, इथपर्यंत मला पुस्तकात शिकवलं होतं. पुस्तकात बाकीचं नव्हतं. गारठलेली बॅटरी बाहेर काढून लगेच चार्जिंगला लावली तरी ती वीज घेतच नसे. आधी तिला ऊब यावी लागे, मग कुठे पोट भरायला लागे. तोवर अर्धा दिवस गेलेला. शिवाय यंत्र आतून बाहेर आलं की शारजाच्या दमट हवेत त्याला पाझर फुटे. सगळ्या अंगावरून पाणी निथळायचं, बटणांच्या फटीत शिरायचं, आणि परत आत गेलं की तिथेच त्याचा बर्फ व्हायचा. मग बटण दाबलेलं वर येत नसे. एकदा हॉर्न अडकला तो जेवणापर्यंत बोंबलत राहिला. तेल इतकं घट्ट व्हायचं की पुढचे लोखंडी फोर्क वर जाताना देवाला नैवेद्य दाखवल्यासारखे सावकाश जायचे. आणि यंत्र मधेच बसलं की खोकी कोण उचलणार? आम्ही. हातमोज्यातून बोटं पांढरी पडायची आणि बाहेर आल्यावर त्यांत जीव परत येताना अशी आग व्हायची की मोठ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

दाजींचं म्हणणं मात्र ठाम होतं: यंत्रात दोष नाही. आधी ड्रायव्हर वाईट चालवतो म्हणून झालं. मग आम्ही दार उघडं टाकतो म्हणून झालं. मग कुणाची तरी नजर लागली असं ठरलं आणि फोर्कला लिंबू-मिरची बांधली गेली. लिंबू दुपारपर्यंत दगड झालं. मिरच्यांना हात लावला तर काचेसारख्या मोडल्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगणच बर्फाचं होतं आणि नाचायला आम्हाला लावलं होतं.

खरं सांगायचं तर दाजींपेक्षा जास्त उपयोग आक्काचा झाला. एका शुक्रवारी मी घरी जेवायला बसून त्या यंत्राच्या नावाने खडे फोडत होतो. ती भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तुम्ही आत जाताना अंगावर एवढं घालता, मग त्याला का नको?" आणि जुन्या साड्यांची चांगली जाड गोधडी शिवून तिने ती बॅटरीच्या पेटीवर टाकायला दिली. चार्जिंगला लावताना गोधडी काढायची, आत जाताना घालायची. फरक पडला. फार नाही, पण दुपारच्या आधी बसणारं यंत्र दुपारनंतर बसायला लागलं. दाजींनी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवली आणि ही आपली आयडिया असं सांगितलं. आक्का काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नसे, आणि त्याचाही मला राग यायचा.

हे सगळं मी आणखी किती सोसलं असतं कोण जाणे, पण मला एक वाट दिसली होती. फुजैऱ्याला, समुद्रावर, जहाजांत तेल भरणाऱ्या टर्मिनलवर पंपांची देखभाल करायला माणूस हवा होता आणि त्यांनी मला पसंत केलं होतं. काम उघड्यावरचं, उन्हातलं. लोक उन्हाला कंटाळून नोकऱ्या सोडत, मला मात्र घाम हवा होता. मला माझ्या शिक्षणाचं काम हवं होतं, आणि मुख्य म्हणजे असा मालक हवा होता ज्याच्या पाया पडावं लागत नाही. पण त्या काळी जुन्या मालकाने ना-हरकत लिहून दिल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. त्याने नाही म्हटलं की व्हिसा रद्द आणि सरळ गावचं विमान. म्हणजे फुजैरा दाजींच्या एका सहीपलीकडे होता.

मी विचारलं तेव्हा दाजी रागावले नाहीत. हसले. हसले की मला जास्त धास्ती वाटायची.

"सोडतो की! पण हे मशीन एकदा लायनीवर आण. रमजानचा सीझन डोक्यावर आलाय. तू गेलास तर इथे कोण बघणार? मशीन व्यवस्थित चाललं की तुझी रिलीज. इन्शाल्ला."

झालं. ज्या यंत्राला मी दिवसरात्र शिव्या मोजत होतो, त्याच यंत्राच्या काट्यावर माझी सुटका टांगली गेली. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी त्या गाढवाचे चारही पाय धरले. बटणांना प्लॅस्टिक गुंडाळलं, पातळ तेल घातलं, ड्रायव्हरशी बसून पाळ्या ठरवल्या: सकाळी आतलं काम, मग बाहेर काढून आधी ऊन, मग चार्जिंग, आणि बाहेर असेपर्यंत आत माल हाताने सारायचा. काटा तांबड्याजवळ आला की यंत्र जिथे असेल तिथून उलटं फिरवून दाराकडे आणायचं, मग भले एक खोकं राहिलं तरी चालेल. नवरात्र बसेपर्यंत गाडी बऱ्यापैकी रुळावर आली होती.

घटस्थापनेला आक्काने माझ्याकडून चौकातल्या बागेतली माती आणवून रोल्लातल्या फ्लॅटमध्ये घट बसवला. दाजी नऊ दिवसांचे उपास करायचे. दिवसभर कोंबडी विकायची आणि घरी येऊन साबुदाणा खायचा. त्या आठवड्यात एकदा ताक पिता पिता ते आक्कासमोर मला म्हणाले, "दसऱ्याला एका मोठ्या हॉटेलचा परचेस मॅनेजर येतोय आपलं सेटअप बघायला. त्याच्यासमोर मशीन नीट चालवून दाखव. संध्याकाळी तुझं ना-हरकत लिहून देतो." मी आक्काकडे पाहिलं. ती घटाला पाणी घालत होती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी एक कंटेनर उशिरा आला. माल बाहेर उन्हात ठेवता येत नव्हता, तेव्हा काट्याकडे न बघता काम उरकावं लागलं, आणि शेवटच्या गल्लीच्या टोकाला, दारापासून सगळ्यात लांब, यंत्र बसलं. पार रिकामं. असं आधी एकदा झालं होतं. तेव्हा रात्रभर आत राहिलं, पण सकाळी साखळी लावून डिझेलच्या गाडीने बाहेर ओढलं आणि ऊन देऊन चार्जिंगला लावलं, तर संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आलं. म्हणून मी निर्धास्त होतो. सकाळी लवकर येऊन आम्ही साखळी अडकवली, इतक्यात मागून आवाज आला.

"थांबा! हात लावू नका!"

दाजी पांढऱ्या झब्ब्यावर जाकीट घालून उभे होते. मागे आक्का, तिच्या हातात ताट. हळद, कुंकू, निरांजन, नारळ आणि दुबईतल्या देरा बाजारातून आणलेल्या झेंडूच्या माळा.

मी म्हटलं, "दाजी, बॅटरी पार उतरलीय. बाहेर काढून चार्जिंगला लावतो, मग पूजा करू."

"आज खंडेनवमी आहे. आज अवजाराला विश्रांती. आमचे वडील आजच्या दिवशी विळीवर भाजी चिरू द्यायचे नाहीत, आणि तू साखळी लावून ओढतोस?"

"विश्रांतीच देऊ. पण बाहेर देऊ. आत उणे बावीस आहे."

"हलवलं म्हणजे वापरलं. चार्जिंगला लावलं म्हणजे कामाला जुंपलं."

माझी जीभ वळवळली. "पोळ्याला बैलाला जुंपत नाहीत, दाजी, पण वैरण तर घालतात ना?"

दाजी क्षणभर अडले. वजनकाटा पुसणारे दोन पाकिस्तानी गडी, ज्यांना यातलं काही कळत नव्हतं, तेही थांबून बघायला लागले. मग दाजींना उत्तर सापडलं. "बैल हा जीव आहे. यंत्राचं शास्त्र वेगळं. माझा उपास आहे ना? आज त्याचाही उपास."

आक्का मागून हळूच म्हणाली, "अहो, रिकाम्या पोटी थंडीत ठेवण्यापेक्षा निदान बाहेर तरी—"

"तू ताट धर."

तिने ताट धरलं. मी साखळी सोडली. दुसऱ्या दिवशी कागद मिळणार होता, एवढ्यासाठी मी दात आवळून उभा राहिलो. उणे बावीसमध्ये कापूर पेटेना, निरांजन तीनदा विझलं, नारळाचं पाणी फोर्कवर शिंपडलं ते तिथेच थिजलं. झेंडूची माळ स्टिअरिंगला घातली आणि दाजींनी हात जोडले. दिवसभर कामाला सुट्टी. गडी खूश होते. "भाई, ये छुट्टी हर महीने रखो," त्यातला एक जण मला म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

यंत्राने तो दिवस आणि ती रात्र आत उपाशी काढली.

भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड सहसा गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतलं मात्र पाण्यासारखं पातळ होतं आणि पाण्यासारखंच गोठतं. दसऱ्याला सकाळी ड्रायव्हरने चावी फिरवली तेव्हा दिवासुद्धा लागला नाही. साखळीने बाहेर ओढलं, गोधडी उचलली, पेटीचं झाकण काढलं. एकूण एक खण फुगून फुटला होता. बुचं वर उचलली गेली होती आणि फटींतून करडा बर्फ डोकावत होता. उन्हात तो लगेच सुटायला लागला. ॲसिड थेंबाथेंबाने खालच्या कॉंक्रीटवर पडायचं आणि तिथे फेस यायचा. आक्काच्या गोधडीला बघता बघता भोकं पडली. स्टिअरिंगवरची झेंडूची माळ मात्र ताजी टवटवीत होती, आत्ता तोडून आणल्यासारखी.

हॉटेलचा मॅनेजर नेमका तेव्हाच आला. त्याने माळ बघितली, फेस बघितला, "व्हॉट इज धिस?" म्हणाला आणि हसून, अगदी सभ्यपणे हसून, परत गाडीत बसून गेला. दाजी त्याच्या मागे दारापर्यंत गेले, "हबीबी, वन मिनिट, वन मिनिट" करत. परत आले ते माझ्याकडेच.

"तुला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा कुणी दिला रे? एवढं समजलं नाही तुला? चांगली चालती मशीन मारून टाकलीस!"

चोराच्या उलट्या बोंबा. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आता रिलीज-बिलीज विसर," दाजी पुढे म्हणाले. "खलास. दुसरं मशीन येईपर्यंत, ते लायनीवर येईपर्यंत तू इथेच. मी म्हणेन तेव्हा जायचं."

त्या क्षणी मी ठरवलं की आता बोलायचं. जावई गेला खड्ड्यात, मालक गेला खड्ड्यात. काल काय झालं ते सगळ्यांसमोर, हिंदीत, प्रत्येक गड्याला कळेल असं सांगायचं. आणि साक्षीदार होती की माझ्याकडे. आक्का तिथेच उभी होती, गड्यांना वाटायचे पेढे हातात घेऊन. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे वळलो आणि म्हटलं, "आक्का, तूच सांग काल काय झालं."

आक्का म्हणाली, "यानेच मुद्दाम आत ठेवलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी म्हणत होते काल, बाहेर घ्या म्हणून. हा ढिम्म उभा राहिला. याला कामाची लाज नाही, पहिल्यापासून नाही. घरी जेवायला बसला की तुमची टिंगल करतो. दूध पाजून साप पाळलाय आपण. काढा याला." ती हे सगळं दाजींना सांगत होती, माझ्याकडे न बघता, आणि आवाज इतका चढलेला की ड्रायव्हर पाठ करून उभा राहिला. त्या बाईचा असला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

दाजीही चपापले. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. चूक कुणाची हे आता घरच्याच माणसाने ठरवून दिलं होतं. "काढतोच," ते म्हणाले. "व्हिसा कॅन्सल करून गावाला धाडतो उद्याच्या उद्या."

"गावाला नको," आक्का म्हणाली. "गावाला जाऊन पारावर बसेल आणि सांगत सुटेल, दाजींनी बॅटरीला उपास घातला म्हणून. तुमच्याच भावकीत हसं होईल. तो फुजैरा-फुजैरा करतोय ना, द्या पाठवून तिकडे. तिथे मरू दे कुठे मरायचं ते."

दाजींनी ना-हरकत त्याच आठवड्यात लिहून दिलं. माझ्या हातात न देता टेबलावर टाकलं. मी रोल्लातल्या फ्लॅटमधून बॅग उचलली तेव्हा आक्का स्वयंपाकघरात होती आणि बाहेर आली नाही. भाची दारात येऊन म्हणाली, "मामा, आर यू इन ट्रबल?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरलो.

फुजैऱ्याचं काम मला हवं होतं तसंच निघालं. ऊन, घाम, पंप, समुद्र. मालक कोण हे मी कधी पाहिलंही नाही, एवढं सुख. पण मनातली जळजळ जाईना. दाजींचा राग मला कळण्यासारखा होता, तो मी वर्षानुवर्षं रिचवला होता. आक्काचा राग वेगळाच होता. एका आईच्या पोटची, गुडघ्यावर बसवून मला पाढे शिकवलेली बहीण चार गड्यांसमोर मला साप म्हणते आणि मरू दे म्हणते! तिचा फोन आला की मी कापायचो. भाऊबीज आली. मी गेलो नाही. आईने गावाहून फोन करून विचारलं तर कामातून सुट्टी नाही असं सांगितलं. मला बहीण नाहीच असं मी धरून चाललो होतो, आणि ते धरून चालायला रोज नव्याने जोर लावावा लागत होता.

त्याच्या पुढच्या वर्षी भाऊबीजेला दुपारी दार वाजलं. दारात आक्का. शारजाहून डोंगर ओलांडून, अनोळखी लोकांबरोबर शेअरच्या टॅक्सीत बसून आली होती. बरोबर भाची, आणि कापडी पिशवीत ताट. आखातात इतकी वर्षं राहून ती कधी एकटी भाजी आणायलाही गेली नव्हती. माझे खोलीतले सोबती चपला घालून बाहेर गेले. ती म्हणाली, "बस." मी खाटेच्या कडेला बसलो. तिने कुंकू लावलं, ओवाळलं, करंजी हातात दिली. करंजी तशीच हातात राहिली.

शेवटी मलाच राहवेना. "त्या दिवशी खोटं का बोललीस?"

"खरं बोलले असते तर आज तू कुठे असतास?"

मी हातातली करंजी खाटेवर ठेवली.

"तू भांडला असतास," ती म्हणाली. "मी तुझ्या बाजूने साक्ष दिली असती. चूक ह्यांची ठरली असती आणि ह्यांनी तुला जन्मभर तिथेच ठेवला असता, ती निस्तरायला. हे कामाच्या माणसाला सोडत नाहीत. तू कामाचा होतास म्हणून तर सोडत नव्हते. म्हणून तुला नकोसा करून टाकला."

"मग मला आधी सांगायचंस! एवढे दिवस मी इथे जळतोय!"

"सांगितलं असतं तर तुझं तोंड तसं झालं असतं का, त्या दिवशी झालं तसं? ह्यांनी तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला."

मला तिचा राग आला. उपकार झाल्याचा जो राग येतो तो, आणि तो सगळ्यात वाईट. आयुष्यभर एका माणसाच्या उपकाराखाली मान वाकवून राहिलो आणि तिथून सुटलो तेही दुसऱ्याच्या उपकाराने, मला न विचारता, मला साप ठरवून. मी तिरीमिरीत बोलून गेलो, "एवढी हुशारी आहे तर तू का राहतेस तिथे?"

तिने निरांजन फुंकलं नाही, बोटाने वात तुपात ओढून शांत केलं. ताट पिशवीत घातलं आणि भाचीच्या कानावर पदर ओढल्यासारखं करून, तिला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाली,

"तुला नकोसा करायला मी होते. मला नकोशी कोण करणार?"

भाची घड्याळ बघून म्हणाली, "ममा, वी विल बी लेट." मी त्या दोघींना टॅक्सीच्या थांब्यापर्यंत सोडलं. टॅक्सी भरेपर्यंत आम्ही उन्हात उभे होतो, आणि आक्का सारखी रस्त्याकडे बघत होती. दाजींच्या रात्रीच्या जेवणाच्या आत तिला शारजाला पोचायचं होतं.